भारतीय भूदलातील प्रमाणित रायफलीचा बदल

भारतीय भूदलातील प्रमाणित रायफलीचा बदल म्हणजे भूदलाच्या पायदळात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वापरात असलेली ५.५६ मिमी कॅलिबरची इन्सास रायफल टप्प्याटप्प्याने काढून तिच्या जागी ७.६२ मिमी कॅलिबरच्या नव्या रायफली देण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत मुख्यतः दोन रायफलींची निवड झाली. आघाडीवरील पायदळासाठी अमेरिकेतील सिग सावर कंपनीची सिग ७१६ ही ७.६२×५१ मिमी रायफल आयात करण्यात आली. उर्वरित मोठ्या संख्येच्या गरजेसाठी रशियन रचनेची ए.के.-२०३ ही ७.६२×३९ मिमी रायफल उत्तर प्रदेशातील कोरवा (अमेठी जिल्हा) येथे उत्पादित केली जात आहे. रायफल हे पायदळातील प्रत्येक सैनिकाचे व्यक्तिगत शस्त्र असल्यामुळे तिच्या बदलाचा परिणाम काडतुसांचे उत्पादन, प्रशिक्षण, दुरुस्ती, रसद आणि सैनिकाच्या पाठीवरील ओझे या सर्वांवर होतो. म्हणूनच वरवर साधी दिसणारी ही खरेदी पूर्ण होण्यास दीर्घ काळ लागला.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतर भारतीय पायदळाचे मुख्य शस्त्र .३०३ इंच कॅलिबरची ली-एनफिल्ड रायफल हे होते. या रायफलीत प्रत्येक गोळी झाडल्यानंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात बहुसंख्य भारतीय सैनिकांच्या हाती हीच रायफल होती. त्या युद्धानंतर पायदळाच्या आधुनिकीकरणाला वेग आला आणि ७.६२×५१ मिमी कॅलिबरची १ए१ ही अर्धस्वयंचलित रायफल सेवेत आली. बेल्जियमच्या एफ.एन. फाल रायफलीच्या रचनेवर आधारलेली ही रायफल पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होत असे. सैनिकांमध्ये ती ‘एस.एल.आर.’ (सेल्फ लोडिंग रायफल) या नावाने ओळखली जाते. १९७१ च्या युद्धात ती पायदळाचे प्रमुख शस्त्र होती.

एस.एल.आर. अचूक, मजबूत आणि दूर पल्ल्याची होती. परंतु ती लांब व जड होती, तिच्या मॅगझिनमध्ये वीसच काडतुसे मावत आणि तिच्यातून स्वयंचलित मारा करता येत नसे. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेला ए.के. पद्धतीच्या स्वयंचलित रायफली वापरणाऱ्या प्रतिपक्षाशी दाट झाडीत लढावे लागले. तेथे एस.एल.आर.च्या मर्यादा विशेषत्वाने जाणवल्या. याच सुमारास जगातील अनेक सैन्ये ५.५६×४५ मिमी या लहान व हलक्या काडतुसाकडे वळत होती.

इन्सास रायफल

१९८० च्या दशकाच्या मध्यास ५.५६ मिमी कॅलिबरची स्वदेशी शस्त्रे विकसित करण्याचा निर्णय झाला. हे काम संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या (डी.आर.डी.ओ.) पुण्यातील पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेकडे (ए.आर.डी.ई.) सोपविण्यात आले. रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन शस्त्रे एका कुटुंबात असावीत, त्यांचे बरेचसे सुटे भाग समान असावेत, अशी मूळ योजना होती. या कुटुंबाला ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम’ असे नाव मिळाले. ‘इन्सास’ हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. यांपैकी रायफल व हलकी मशीनगन यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९९७ मध्ये सुरू झाले. कार्बाइन मात्र भूदलाच्या सेवेत रुजू शकली नाही. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ही रायफल प्रथम जाहीरपणे दिसली. ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथील कारखान्यांत तिचे उत्पादन झाले.

इन्सासच्या रचनेत अनेक प्रचलित रायफलींचे गुण एकत्र आणले आहेत. वायुदाबावर चालणारा लांब धावेचा दट्ट्या आणि फिरणारा बोल्ट ही मूळ यंत्रणा ए.के.एम. रायफलीसारखी आहे, वायुनियंत्रक फालसारखा आहे, कॉकिंग हँडल डाव्या बाजूला आहे. नळीच्या आतील पृष्ठभागाला क्रोमियमचा मुलामा असतो. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे असून आत किती काडतुसे उरली आहेत हे बाहेरून दिसते. रायफलीची लांबी ९६० मिमी, तर मॅगझिनखेरीज वजन सुमारे ४.१५ किग्रॅ आहे. मारक पल्ला ४०० मीटर मानला जातो. मूळ रूपात एकेक गोळी किंवा एका वेळी तीन गोळ्या अशा दोनच प्रकारे मारा करता येतो. सैनिकाने घाबरून वा घाईत सर्व काडतुसे संपवू नयेत, हा पूर्ण स्वयंचलित मारा न ठेवण्यामागचा हेतू होता.

वापर आणि तक्रारी

इन्सासचा पहिला मोठा युद्धवापर १९९९ च्या कारगिल युद्धात झाला. अतिउंचीवरील कडाक्याच्या थंडीत प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जाणे, रायफल अडकणे, तीन गोळ्यांच्या माऱ्याऐवजी कधी कधी सलग मारा सुरू होणे अशा तक्रारी पुढे आल्या. गोळी झाडताना यंत्रणेतील तेल नेमबाजाच्या डोळ्यांकडे उडते, अशीही तक्रार होती. त्यानंतर रचनेत व उत्पादनात सुधारणा करण्यात आल्या आणि सुधारित आवृत्ती सेवेत आली.

नेपाळच्या सैन्यालाही भारताने इन्सास पुरविल्या होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये पिली येथे माओवाद्यांबरोबर झालेल्या दीर्घ चकमकीत ४३ नेपाळी सैनिक मारले गेले. या चकमकीदरम्यान रायफली नीट चालल्या नाहीत, असे नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने म्हटले. रायफलींचा वापर योग्य प्रकारे न झाल्याने असे घडले असावे, अशी भूमिका भारतीय बाजूने मांडली गेली. भारतात नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलानेही २०१४ मध्ये इन्सासऐवजी ए.के. रायफली मिळाव्यात अशी मागणी केली आणि पुढे त्या दलातील काही इन्सास बदलण्यात आल्या.

या तक्रारींचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. रचनेतील दोष ही एक बाब, तर कारखान्यातील दर्जानियंत्रणातील उणीव ही दुसरी. एकाच आराखड्यानुसार बनलेल्या दोन रायफली धातूचा दर्जा, जोडणीतील अचूकता आणि तपासणी यांतील फरकामुळे वेगळ्या वागू शकतात. मॅगझिनला तडे जाण्यामागे प्लॅस्टिकची निवड आणि त्याचे उत्पादन, असे दोन्ही प्रश्न होते. अचूकतेच्या बाबतीत मात्र इन्सासची ख्याती चांगली राहिली.

कॅलिबरचा प्रश्न

रायफल बदलताना सर्वाधिक चर्चा काडतुसाच्या निवडीवर झाली. ५.५६ मिमी काडतूस हलके असल्याने सैनिक तेवढ्याच वजनात जवळपास दुप्पट काडतुसे नेऊ शकतो. त्याचा धक्काही कमी बसतो. त्यामुळे नवख्या नेमबाजाला नेम साधणे सोपे जाते. जखमी शत्रूसैनिकाला मागे नेण्यासाठी त्याचे आणखी साथीदार गुंततात, म्हणून शत्रूला ठार न करता जायबंदी करणे पुरेसे आहे, असेही या काडतुसाच्या बाजूने सांगितले जाई.

जम्मू-काश्मीरमधील दहशतवादविरोधी कारवायांचा अनुभव वेगळा होता. तेथे समोरचा हल्लेखोर जखमी झाल्यावरही गोळीबार चालू ठेवू शकतो आणि त्याला मागे नेण्यासाठी कोणी थांबत नाही. चकमक पुष्कळदा घरात, गल्लीत किंवा जंगलात जवळच्या अंतरावर होते. अशा वेळी पहिल्या गोळीतच शत्रू निकामी झाला नाही, तर सैनिकाचा जीव धोक्यात येतो. त्यामुळे अशा कारवायांवरील तुकड्यांमध्ये ए.के. पद्धतीच्या रायफलींना पसंती मिळत राहिली, आणि कागदोपत्री प्रमाणित शस्त्र इन्सास असूनही प्रत्यक्षात दोन रायफली शेजारी-शेजारी नांदत राहिल्या.

तिन्ही काडतुसांची स्थूल तुलना पुढीलप्रमाणे आहे. सर्व आकडे अंदाजे असून काडतुसाच्या प्रकारानुसार व नळीच्या लांबीनुसार ते बदलतात.

| काडतूस | रायफल | गोळीचे वजन | १०० काडतुसांचे वजन | गोळीचा प्रारंभिक वेग | प्रारंभिक ऊर्जा |
|---|---|---|---|---|---|
| ५.५६×४५ मिमी | इन्सास | ४ ग्रॅम | १.२ किग्रॅ | ९०० मी./से. | १,६०० जूल |
| ७.६२×३९ मिमी | ए.के.-२०३ | ८ ग्रॅम | १.७ किग्रॅ | ७१५ मी./से. | २,००० जूल |
| ७.६२×५१ मिमी | सिग ७१६ | ९.५ ग्रॅम | २.४ किग्रॅ | ८४० मी./से. | ३,३०० जूल |

वरील तक्त्यावरून निवडीतील पेच लक्षात येतो. ७.६२×५१ मिमी काडतुसाची ऊर्जा ५.५६ मिमीच्या दुप्पट आहे. पण त्याचे वजनही दुप्पट आहे आणि धक्का बराच अधिक आहे. ७.६२×३९ मिमी काडतूस मधल्या मार्गाचे आहे. त्याची गोळी जड पण मंद असल्याने दूर अंतरावर ती लवकर खाली येते. जवळच्या अंतरावर मात्र ती परिणामकारक ठरते. थोडक्यात, पर्वतीय सीमेवरील लांब पल्ल्याची गरज, दहशतवादविरोधी कारवायांतील जवळच्या माऱ्याची गरज आणि वाहून नेण्याचे ओझे या तिन्ही गोष्टी एकाच काडतुसात उत्तम रीतीने साधत नाहीत.

बदलाचे सुरुवातीचे प्रयत्न

२०११ मध्ये भूदलाने दोन कॅलिबरच्या रायफलीसाठी जागतिक निविदा काढली. नळी व काही भाग बदलून एकाच रायफलीतून ५.५६×४५ मिमी आणि ७.६२×३९ मिमी अशी दोन्ही काडतुसे झाडता यावीत, अशी अपेक्षा होती. मोहिमेच्या स्वरूपानुसार सैनिकाने कॅलिबर निवडावे, ही कल्पना त्यामागे होती. कोल्ट, बेरेट्टा, चेस्का झ्ब्रोयोव्का आणि इस्रायल वेपन इंडस्ट्रीज या कंपन्यांच्या रायफली स्पर्धेत होत्या. परंतु दोन नळ्या बाळगणे, प्रत्येक बदलानंतर नेम पुन्हा जुळविणे आणि दोन प्रकारच्या काडतुसांचा पुरवठा करणे व्यवहारात अवघड होते. २०१५ मध्ये ही निविदा रद्द झाली.

दरम्यान इन्सासचीच आखूड नळीची, पूर्ण स्वयंचलित मारा करणारी ‘एक्सकॅलिबर’ ही सुधारित आवृत्ती तयार झाली होती. पण ती भूदलाची नवी प्रमाणित रायफल ठरली नाही. पुढे अधिक मारक अशा ७.६२×५१ मिमी रायफलीची मागणी पुढे आली. ईशापूर येथील कारखान्याने त्या कॅलिबरची रायफल सादर केली. परंतु २०१७ मधील चाचण्यांत ती भूदलाच्या अपेक्षांना उतरली नाही.

सिग ७१६ ची खरेदी

जानेवारी २०१८ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने तातडीच्या प्रक्रियेने ७२,४०० रायफली आणि ९३,८९५ कार्बाइन घेण्यास ३,५४७ कोटी रुपयांची मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात तिन्ही सेनादलांसाठी ७ लाख ४० हजार रायफली घेण्याच्या १२,२८० कोटी रुपयांच्या प्रस्तावालाही मान्यता मिळाली. यातून दुहेरी धोरण स्पष्ट झाले : सीमेवरील तुकड्यांना परदेशातून लगेच रायफली द्यायच्या आणि उरलेली मोठी गरज देशातील उत्पादनातून भागवायची.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सिग सावर कंपनीशी ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. त्यांपैकी ६६,४०० भूदलासाठी, ४,००० हवाई दलासाठी आणि २,००० नौदलासाठी होत्या. डिसेंबर २०१९ पासून त्या येऊ लागल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींसाठी ८३७ कोटी रुपयांचा दुसरा करार झाला. त्यामुळे मागणीची एकूण संख्या १ लाख ४५ हजारांहून अधिक झाली.

सिग ७१६ मध्ये आखूड धावेचा दट्ट्या असतो. तो बोल्टला क्षणिक धक्का देऊन थांबतो. इन्सास वा ए.के. रायफलीप्रमाणे बोल्टबरोबर मागपर्यंत जात नाही. त्यामुळे हलणाऱ्या भागांचे वजन कमी राहते व अचूकतेला मदत होते. नळी १६ इंच लांबीची असून दस्ता कमी-अधिक लांब करता येतो. वरील पट्टीवर दुर्बिणी वा रात्रदर्शक उपकरणे बसविता येतात. मात्र अशी उपकरणे रायफलीबरोबर सुरुवातीपासून पुरेशा संख्येने नसल्याने तिच्या लांब पल्ल्याचा पूर्ण उपयोग होत नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये या रायफलींच्या रात्रदर्शकांसाठी ६५९.४७ कोटी रुपयांचा करार झाला. रायफल आणि तिची दर्शक उपकरणे यांच्या खरेदीत पडलेले हे काही वर्षांचे अंतर या प्रक्रियेतील एक ठळक उणीव मानावी लागते.

ए.के.-२०३ आणि कोरवा येथील उत्पादन

भारत व रशिया यांच्यातील आंतरसरकारी करारानुसार २०१९ मध्ये ‘इंडो-रशिया रायफल्स प्रायव्हेट लिमिटेड’ ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. ३ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कोरवा येथील प्रकल्पाचा शुभारंभ झाला. आयुध निर्माणी मंडळाचा ५०.५ टक्के, कलाश्निकोव्ह उद्योगसमूहाचा ४२ टक्के आणि रोसोबोरोनएक्स्पोर्टचा ७.५ टक्के असा मूळ हिस्सा होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या, तेव्हा मंडळाचा हिस्सा ‘ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ आणि ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपन्यांकडे गेला.

शुभारंभानंतर लगेच उत्पादन सुरू झाले नाही. प्रत्येक रायफलीची किंमत, स्वामित्वशुल्क आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या अटी यांवर वाटाघाटी लांबल्या. अखेर ६ डिसेंबर २०२१ रोजी ६,०१,४२७ रायफलींचा, पाच हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचा करार झाला. जानेवारी २०२३ मध्ये कोरवा येथे उत्पादनास प्रारंभ झाला. सुरुवातीच्या रायफलींत रशियातून आलेल्या भागांचे प्रमाण मोठे होते. ते क्रमाक्रमाने कमी करून पूर्ण स्वदेशीकरण साधायचे, असे नियोजन आहे. जुलै २०२५ पर्यंत सुमारे ४८,००० रायफली भूदलाला मिळाल्या होत्या. भारतात पूर्णतः तयार होणाऱ्या रायफलीसाठी ‘शेर’ हे नाव जाहीर करण्यात आले.

ए.के.-२०३ चे वजन सुमारे ३.८ किग्रॅ असून मॅगझिनमध्ये ३० काडतुसे मावतात. दस्ता दुमडता येत असल्याने वाहनात, हेलिकॉप्टरमध्ये आणि अरुंद जागेत ती हाताळणे सोपे जाते. एकेक गोळीचा आणि पूर्ण स्वयंचलित असा दोन्ही प्रकारचा मारा तिच्यातून करता येतो. ए.के. पद्धतीच्या रायफली भारतीय सैनिकांच्या परिचयाच्या असल्यामुळे तिच्या प्रशिक्षणाला तुलनेने कमी वेळ लागतो.

इतर पायदळी शस्त्रे

रायफलीबरोबरच इन्सास कुटुंबातील हलकी मशीनगनही बदलली जात आहे. मार्च २०२० मध्ये इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह एन.जी.-७ या ७.६२×५१ मिमी हलक्या मशीनगन घेण्याचा ८८० कोटी रुपयांचा करार झाला. २०१८ मध्ये मान्यता मिळालेली कार्बाइनची तातडीची खरेदी मात्र २०२० मध्ये रद्द झाली आणि ही गरज देशांतर्गत स्पर्धेतून भागविण्याचे ठरले.

महाराष्ट्राशी संबंध

इन्सासचा आराखडा पुण्यात तयार झाला, हा महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला मुख्य संबंध होय. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आयुध निर्माणी आणि पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना येथे होते. हे दोन्ही कारखाने आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया कंपनीच्या अखत्यारीत आहेत. सैन्याच्या प्रमाणित रायफलीचे कॅलिबर बदलले की अशा कारखान्यांतील यंत्रसामग्री आणि उत्पादनाचे वेळापत्रकही बदलावे लागते.

ए.आर.डी.ई.ने त्यानंतरही या क्षेत्रातील काम चालू ठेवले. ८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात ‘उग्रम’ या ७.६२×५१ मिमी रायफलीचे अनावरण झाले. हैदराबाद येथील द्वीपा आर्मर इंडिया या खासगी कंपनीच्या सहकार्याने ती विकसित करण्यात आली असून तिचे वजन चार किलोग्रॅमपेक्षा कमी आणि मारक पल्ला ५०० मीटर आहे. ए.आर.डी.ई.ने आखलेल्या ५.५६×४५ मिमी कार्बाइनच्या उत्पादनासाठी पुण्यातील भारत फोर्ज कंपनी पुढे आली आणि २०२५ मध्ये भूदलाच्या कार्बाइन खरेदीत तिची बोली सर्वांत कमी किमतीची ठरली.

अन्य देशांतील समांतर बदल

फ्रान्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात असलेल्या फामास या स्वदेशी रायफलीऐवजी २०१६ मध्ये जर्मन रचनेची एच.के. ४१६ एफ निवडली, मात्र ५.५६ मिमी कॅलिबर कायम ठेवले. अमेरिकेच्या भूदलाने एप्रिल २०२२ मध्ये प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्यांसाठी ६.८ मिमी कॅलिबरच्या नव्या रायफलीची निवड केली. अंगकवच भेदण्याची वाढीव क्षमता हे त्यामागील एक कारण होते. फ्रान्सच्या उदाहरणात स्वदेशी रायफल सोडून परदेशी रचना स्वीकारली गेली, तर अमेरिकेच्या उदाहरणात अधिक शक्तिशाली काडतुसासाठी जादा वजन पत्करले गेले. भारतीय बदलात या दोन्ही प्रवृत्ती एकत्र दिसतात.

मूल्यमापन

इन्सासच्या जागी एकच रायफल आलेली नाही. संक्रमणकाळात भूदलाला ५.५६×४५, ७.६२×३९ आणि ७.६२×५१ मिमी अशा तिन्ही काडतुसांचा पुरवठा करावा लागतो. एका तुकडीची काडतुसे शेजारच्या तुकडीच्या रायफलीत चालत नसतील, तर लढाईच्या वेळी अडचण येऊ शकते, असा आक्षेप घेतला जातो. याउलट, वेगवेगळ्या भूप्रदेशांत व वेगवेगळ्या स्वरूपाच्या कामांवर असलेल्या एवढ्या मोठ्या सैन्याला एकच शस्त्र पुरेसे ठरणार नाही, असे दुहेरी धोरणाचे समर्थक म्हणतात.

दुसरा प्रश्न स्वावलंबनाचा आहे. इन्सास ही स्वदेशी रचना होती. तिच्या जागी आलेल्या दोन्ही रायफलींच्या मूळ रचना परदेशी आहेत. कोरवा येथील उत्पादनामुळे निर्मितीचे कौशल्य देशात येते, परंतु रचनेचे स्वामित्व परदेशी भागीदाराकडे राहते. उग्रमसारख्या प्रकल्पांकडे या दृष्टीने पाहिले जाते. इन्सासच्या अनुभवातून मिळणारा मुख्य धडा असा की, आराखड्याबरोबरच उत्पादनाचा दर्जा, प्रत्यक्ष हवामानातील कसोशीची चाचणी आणि सैनिकांच्या तक्रारींची वेळेवर दखल या गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात. लाखोंच्या संख्येने बनलेल्या इन्सास रायफली पूर्णपणे निवृत्त होईपर्यंत जुन्या व नव्या रायफली एकाच वेळी वापरात राहतील.

हेही पाहा

कारगिल युद्ध
आयुध निर्माणी मंडळ
संरक्षण संशोधन व विकास संस्था
ए.के.-४७
ली-एनफिल्ड रायफल